मुकुट, साक्ष आणि तिस्कावरचा वाद

प्रार्थनेने आपला आखूड पाय वाढला, अशी श्रद्धेची साक्ष देणाऱ्या अमेरिकेच्या माजी सौंदर्यवती चेरिल प्रेविट यांची चित्रफीत आमच्यापैकी सर्वांच्याच मोबाइलवर येऊन पोहोचली होती, त्यामुळे गोव्यातील फोंड्याच्या तिस्क भागात रस ऑम्लेटच्या गाड्याभोवती जमलेल्या मंडळींना काही समजावून सांगण्याची गरजच नव्हती. दत्तारामबाबांनी तर उंडा (गोव्याचा पाव) मोडण्यापूर्वीच निकाल दिला.

“ही जगत्सुंदरी या धर्मप्रचारकांनीच निवडली, त्यांनीच तिला मुकुट घातला आणि त्यांनीच तिला प्रचाराला लावले. सगळे आधीच ठरलेले असते.”

“जगत्सुंदरी नव्हे,” भिकूसर शांतपणे म्हणाले. “१९७९ च्या सप्टेंबरात तिला ‘मिस अमेरिका १९८०’चा मुकुट मिळाला. जगत्सुंदरी झाली ती आपली रीटा फारिया, १९६६ साली.”

“गोंयकार!” मिंगेल अभिमानाने म्हणाला. “आणि मुकुट उतरवून ती पुन्हा वैद्यकीय अभ्यासाकडे वळली.”

“पण जन्म मुंबईचा,” दत्तारामबाब अडून बसले.

“मुंबईत जन्मलेला गोंयकार राहत नसेल, तर आधी तुमच्या धाकट्या भावाचे नाव देवळाच्या महाजनांच्या यादीतून काढा,” संध्या म्हणाली आणि वादाचे सूत्र तिने आपल्या हाती घेतले. ती परिचारिका आहे, आणि या विषयावर तिचे ऐकावे असे मला मनापासून वाटते. “अकराव्या वर्षी मोटार अपघातात चिरडलेला पाय आखूड राहिला आणि सतराव्या वर्षी प्रार्थनासभेत तो दोन इंच वाढला, असे ती बाई सांगते. तिच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. चित्रफीत दाखवून रुग्णाच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्यांशी आहे. माणूस बरा झाला तर देवाची करणी, न झाला तर रुग्णाचा विश्वास कमी; असा हिशेब कोणत्या सावकारानेही मांडला नसेल.”

मिंगेलचे दुखणे वेगळे होते. त्याचा चुलतभाऊ बिलिव्हर, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्या नव्या ख्रिस्ती पंथाचा, झाल्यापासून खुरसाकडच्या (क्रुसाकडच्या) लादाईनीला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, येत नाही, घरातील सायबिणीची (मेरीमातेची) मूर्ती त्याने काढली, आणि फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, वर्गणीही थांबवली. “पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या आम्हाला तो नव्याने ख्रिस्ती करू पाहतो,” मिंगेल म्हणाला. त्याचा राग वर्गणीवर अधिक की मूर्तीवर अधिक, हे शेवटपर्यंत कळले नाही.

“म्हणूनच असल्या प्रचारावर बंदी हवी!” दत्तारामबाब गरजले.

भिकूसरांनी त्यांना कायदा समजावला. घटनेचे पंचविसावे कलम धर्मप्रसाराचा अधिकार देते. त्यात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. ताईत, मंत्र, कवच अशा उपायांनी ठरावीक रोग बरे होतात, अशा जाहिरातींना १९५४ चा कायदा मनाई करतो, आणि तो कोणत्याही एका धर्माचे नाव घेत नाही.

“म्हणजे मुलाच्या नोकरीसाठी दत्तारामबाबांनी लावलेला कौलही तपासायचा का?” मिंगेलने विचारले.

“प्रसाद उजवा पडला होता,” दत्तारामबाब ठामपणे म्हणाले.

“आणि नोकरी?”

ते ऑम्लेटकडे पाहू लागले.

हशा ओसरल्यावर संध्याने त्या बाईंच्या आयुष्यातला, चित्रफितीत नसलेला भाग सांगितला. १९९९ साली त्यांची सहा वर्षांची मुलगी मेंदूतील गाठीने गेली. मुलीसाठी प्रार्थना करण्यात त्या आईने काय कमी केले असेल? तरीही ती श्रद्धा धरून राहिली आणि आपल्या दुःखाविषयी लोकांशी बोलत राहिली. मला हा भाग दोन इंचांच्या पायापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, आणि साक्ष पुढे पाठवणारे नेमका हाच गाळतात, याचे फार वाईट वाटते. सौंदर्याचा मुकुट हा वैद्यकीय दाखला नव्हे. तो डोक्यावर असल्यामुळे माणसाचे बोलणे दूरवर पोहोचते, आणि म्हणूनच ते अर्धवट पोहोचवणे हा रुग्णांवरचा अन्याय आहे.

“पण पाय खरोखर वाढला की नाही?” दत्तारामबाबांना राहवले नाही.

“ते राहू द्या,” संध्या म्हणाली. “तुमच्या गुडघ्याचा एक्स-रे कधी काढता? त्या तेलवाल्याच्या नादाने पावसाळा काढलात.”

“सोमवारी येतो,” ते पडेल आवाजात म्हणाले, “पण सोमवारी माझा उपवास असतो. उपाशीपोटी एक्स-रे चालतो ना?”

यानंतर कोणाला काही बोलणे शक्यच झाले नाही; सर्वांत मोठ्याने भिकूसर हसत होते.