हळद आणि तीन शिट्ट्यांनी बुरशीचं विष उतरत नाही

तासगावच्या आत्याला कुणीतरी मेसेज पाठवला आणि तिनं लगेच मका निवडायला घेतला. मेसेज असा: 'पाकिटातल्या डॉग फूडमध्ये बुरशीचं विष असतं, बंद करा. घरचा मका, शेंगदाणे, शिळी भाकरी द्या. बुरशी असेल तर पुसून उन्हात वाळवा, चिमूटभर सांगलीची हळद टाकून कुकरला तीन शिट्ट्या द्या. कुत्र्याचं पोट दगडही पचवतं.'

आधी त्या शिट्ट्या. कुकरमधलं तापमान जेमतेम १२० अंशांपर्यंत जातं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे हेच बुरशीचं विष, मोडायला अडीचशेच्या वर लागतं. शिट्ट्यांनी बुरशी मरते, तिनं दाण्यात सोडलेलं विष जागेवरच राहतं. पुसून तर धोका वाढतोच, कारण माल स्वच्छ दिसायला लागतो. उन्हानं नवी बुरशी धरत नाही हे खरं, पण झालेलं विष वाळून जात नाही. आणि हळद? नीट न वाळवलेल्या हळदीलाच हे विष धरतं! सांगलीकरांनी तरी हे पुढे पाठवू नये.

दगड पचवणाऱ्या पोटाबद्दल एवढंच सांगतो. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका लोकांनी शिजवूनच खाल्ला. शंभरावर माणसं कावीळ आणि जलोदरानं गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते नोंदवून ठेवलंय, आणि त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडून मेल्याचं त्यात आहे. घरचाच मका होता तो.

पाकिटाचं म्हणाल तर, अर्धं खरं आहे. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या खाद्यानं ११० हून अधिक कुत्री दगावल्याचं तिथल्या अन्न-औषध खात्याकडे नोंदलं गेलं. पण तिथं खाद्यातल्या या विषाला किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा होती, लॉट नंबर होता, म्हणून माल परत मागवता आला. आपल्या घरच्या मक्याच्या पोत्याला कुठला लॉट नंबर? दुकानात उघड्या पोत्यातून सुटं मिळणारं खाद्य मात्र मीही घेणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

कुत्र्यानं जेवण टाकलं, उलट्या झाल्या, हिरड्या-डोळे पिवळे दिसले, तर थेट डॉक्टरकडे. यावर उतारा नाही, फक्त यकृत सावरायचे उपचार आहेत. उरलेलं खाद्य सोबत न्या.

आत्याचं पुढचं म्हणणं, 'मग म्हशीला घालते.' घालू नका. ते विष दुधात उतरतं, म्हणूनच दुधालाही किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. उकिरड्यावरही नको, कुत्रं तिथूनच उकरून खाईल. खोल पुरा.