जागा सोडा, जागा सोडू नका

सोसायटीचं खजिनदारपद मागून मिळत नाही. सर्वसाधारण सभेला उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात ते पडतं. माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा सोबत मेंटेनन्सच्या पावत्यांचा पीडीएफ-ढीग आणि सोसायटीचा म्हातारा लॅपटॉपही आला. नवी सिस्टिम त्याला झेपेना, म्हणून भाचीने लिनक्स चढवली, एक काळी खिडकी उघडून दिली आणि म्हणाली, "मामा, आता माऊसला हात लावायचा नाही. पावत्या लावायला छोटीशी स्क्रिप्ट लिही, म्हणजे ओळीने आज्ञांची यादी. काही कठीण नसतं."

खिडकीत एक रेघ लुकलुकत होती. बाकी शुकशुकाट. फाईलची नक्कल करायला 'सीपी', हलवायला 'एमव्ही', उडवायला 'आरएम'. 'आरएम' विचारतही नाही, "नक्की ना?" आणि उडवलेलं परत काढायला कचरापेटीही नाही. पासवर्ड टाइप करावा तर पडद्यावर साधे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला.

या कंजूषपणाला कारण आहे म्हणे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्सची, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाची, सुरुवात करत होते, त्या काळात पुढ्यात पडदा नसे, टेलिटाइप असे. कागदावर खडखडत छापणारं धूड. त्यातलं मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं. मग कोण कशाला लांबलचक लिहील, आणि काम झाल्यावर "झालं बरं का" असं छापण्यात शाई कोण घालवील? टेलिटाइप गेला, सवय राहिली. आमच्या घरात कुणी उत्तर दिलं नाही की ते रागावलंय असं समजायचं. इथे उत्तर आलं नाही की सगळं सुरळीत आहे असं समजायचं. त्यात पुन्हा काम फत्ते झालं की आतल्या आत मिळणारा गुण शून्य! १ ते २५५ हे सगळे नापासाचे. यश एकाच प्रकारचं असतं, घोळ नाना तऱ्हांचे, असा त्यामागचा हिशेब. मी सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे मला तो लगेच पटला.

इथवर मी सोसलं. पण मी पेशाने मुद्रितशोधक. कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं यावरून मी भल्या भल्या लेखकांशी भांडलोय. आणि मला या वयात कुणी मोकळ्या जागेवरून शिकवावं?

'पावती मार्च ४०२' या नावाची फाईल स्क्रिप्टने उघडावी तर ती म्हणते, 'पावती' नावाची फाईल नाही. 'मार्च' नावाची नाही. '४०२' नावाचीही नाही. एका पावतीचे तीन बेपत्ता. उपाय, दुहेरी अवतरणचिन्हं. तिथे माझी छाती फुगली. अवतरणचिन्हांत मी कधी हार गेलेलो नाही.

मग बरोबरचं (=) चिन्ह आलं. एखाद्या नावाला किंमत द्यायची तर त्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडायची नाही. सोडलीत की शेलला, म्हणजे काळ्या खिडकीतल्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमला, पहिला शब्द म्हणजे आज्ञाच वाटते, आणि 'अशी आज्ञा सापडली नाही' म्हणून मोकळा होतो. बरं, नाही सोडत. पण तेच चिन्ह तुलनेसाठी चौकोनी कंसात वापरायचं, तर दोन्ही बाजूंना जागा हवीच! कंसाच्या आतही हवी. का, तर डावा चौकोनी कंस हा कंस नाहीच, ती एक आज्ञा आहे. त्या नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम डिस्कवर नांदतो. उजवा कंस हे त्याचं नुसतं शेपूट, पण नसलं तर आकांडतांडव करतो. आयुष्यभर मी कंस विरामचिन्ह म्हणून तपासले. यातला एखादा नोकरीला असेल अशी शंकाही आली नव्हती.

(स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये, १९७९ साली, 'इफ'चा शेवट उलट्या 'फि'ने आणि 'केस'चा 'एसॅक'ने होऊ लागला. शब्द उलटा करून बंद करायचा, ही अल्गोल ६८ या संगणकाच्या भाषेची लकब. त्या चालीने 'डू'चा शेवट 'ओडी' व्हायला हवा होता, पण त्या नावाचा प्रोग्रॅम युनिक्समध्ये आधीच होता, म्हणून 'डन'. फ्लॅटचं रिझर्व्हेशनही असंच चालतं.)

जागा नाही सोडली तर काय होईल, असं मी विचारलं. भाचीने मुद्दाम चिकटवून दाखवलं. 'थकबाकी शून्याबरोबर आहे का?' हा सवालच मुळी गळाला. सगळं मिळून एक अखंड शब्द झाला, आणि शेल एवढंच बघतो, की कंसात काही लिहिलंय का? लिहिलंय ना, मग खरं! भराभर यादी उतरली: १०१, थकबाकी नाही. १०२, थकबाकी नाही. गणपतीच्या वर्गणीपासून तोंड चुकवणारे ४०२, थकबाकी नाही. तक्रारीचं एक अक्षर नाही.

भाचीने लगेच जागा सोडून दिली आणि थकबाकीदार आपापल्या जागी परतले. ही गोष्ट ४०२ पर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक. लिफ्टमध्ये गाठून हळूच म्हणाले, "खजिनदारसाहेब, ते चिकटवलेलंच राहू द्या ना... मार्चअखेरपर्यंत."