रिकामा बसला की पडतो

आमचा कॉम्प्युटर कामाला घाबरत नाही. चार तासांचं लग्न रेंडर करायला लावा, सगळे पंखे बोंबलत राहतील, खोलीत ऊब सुटेल, पण गडी जागचा हलणार नाही. हलतो कधी? तर मी पत्रिकेत वधूच्या आत्याचं नाव टाईप करत असतो तेव्हा. किंवा काहीच करत नसतो तेव्हा.

आणि पडणंही कसं, तर मुक्याचं. लोकांच्या कॉम्प्युटरला पूर्वी निळा पडदा यायचा, रडका चेहरा यायचा, आता नव्या विंडोजमध्ये काळा येतो, पण खाली काहीतरी कोड येतोच. म्हणजे जाताना निदान दोन शब्द बोलून जातो. आमचा बोलत नाही. पडदा काळा, आत कुठंतरी 'टक्', पंखे क्षणभर गप्प, आणि लगेच मदरबोर्डचं चिन्ह हजर. झालं गेलं विसरा, पासवर्ड टाका.

मी बेळगावात टिळकवाडीत घरातच पत्रिका आणि अल्बमची कामं करतो. आमच्या भागात पत्रिकेला दोन बाजू लागतात, एकीकडं मराठी आणि दुसरीकडं कन्नड. मुलगा खानापूरचा, मुलगी चंदगडची, मुलाचा साहेब धारवाडचा, असं प्रत्येक लग्नात असतंच. त्यामुळं एकेका आत्याचं नाव दोनदा टाईप करावं लागतं आणि कॉम्प्युटरला पडायला संधीही दुप्पट मिळते. एकदा तर 'चि. सौ. कां.' एवढंच उमटलं आणि अंधार झाला. पाठीमागं मुलीचे वडील उभे होते. त्यांचा चेहरा असा उतरला, की पत्रिका राहू दे, आधी त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

या सगळ्याच्या मुळाशी माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला, फराळ झाला आणि माझ्या टेबलाखाली वाकून म्हणाला, "मामा, तुमचा प्रोसेसर नुसता झोपूलाय की! फुकटात स्पीड मिळूलाय, सोडायचं कशाला?" प्रोसेसर म्हणजे रायझन ५ ५६००एक्स. सहा कोअर, म्हणजे आत राबणारे सहा गडी, मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, जोर आला की ४.६ पर्यंत जाणारा. मला तेवढ्यात सुख होतं. पण फुकट या शब्दापुढं आमच्या घराण्यात कुणाचं काही चालत नाही. रात्री तो बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरला. रॅमचा वेग ३६०० केला, वीजमर्यादा मोकळी केली, आणि कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझर नावाच्या रकान्यात सहाही कोअरना सरसकट उणे तीस लिहून मोकळा झाला. सकाळी मला एका चाचणीतला वाढलेला आकडा दाखवला. आकडा खरंच मोठा होता. पत्रिका मात्र पूर्वीइतक्याच वेळात उघडत होती.

मग सुट्टी संपली, तो हॉस्टेलला गेला आणि पडापडी सुरू झाली.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक वही असते, तिच्यात सगळं लिहिलेलं असतं असं कळलं. मोठ्या आशेनं उघडली. लाल खूण, कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. अर्थ काय, तर तुमचा कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला आहे. अहो, ते मला माहीत आहे! मी समोरच बसलो होतो!

असल्या वेळी गल्लीत बातमी पोचायला फार वेळ लागत नाही. पहिले आले ते समोरचे काका. वीज खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळं जगातलं प्रत्येक दुखणं त्यांना अर्थिंगपाशी सापडतं. सुनेचं डोकं दुखलं तरी ते आधी टेस्टर लावून बघतील. मल्टिमीटर काढला, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या भोकात दोन काड्या घातल्या, आकड्याकडं बघून मान हलवली. "अर्थिंग कुठं हाय गा तुझं? खड्डा वाळलाय बघ सगळा." घरामागं कोळसा आणि मीठ घालून पुरलेला तो खड्डा मी विसरूनही गेलो होतो. पावसाळ्यात बेळगावच्या जमिनीला पाणी प्या म्हणून सांगावं लागत नाही, पण होळीनंतर माती वाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं, हे काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच, की वाळलेला खड्डा आत्याच्या नावाचीच वाट का बघत होता?

बायकोनं कॅबिनेटचं तोंड पूर्वेला केलं. कारण विचारलं नाही, विचारायची पद्धत नाही.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडं न्यायचं ठरलं. कॅबिनेट स्कूटरवर पायांमध्ये धरून, हनुवटी त्यावर टेकवून निघालो, तर दुसऱ्या रेल्वे गेटला नेमकं फाटक पडलेलं. गाडीचा पत्ता नाही. शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं विचारलं, "काय, फ्रीज काय ओ?" मी नुसती मान हलवली, कोणत्या दिशेनं ते मलाही आठवत नाही.

दुकानदार मोठा सज्जन. झाकण उघडून हात लावला आणि निदान केलं, "बिसी आगेत्री." तापलंय म्हणे. ब्लोअरनं धूळ उडवली. त्यात दोन अक्षतांचे दाणेही निघाले, ते कोणत्या लग्नातले देव जाणे. मग रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळकरी खोडरबरानं घासले. या उपायाला हसू नका, टोकांवर मळ बसला की रॅम खरंच रुसते. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. आणि कॉम्प्युटर चालू केला. तो चालला. दुपारी चालला, संध्याकाळी चालला, दुकान बंद होईपर्यंत चालला. तापमान तर कधीच पंचाऐंशीच्या वर गेलं नाही, आणि या प्रोसेसरची हद्द ९५ अंश आहे. "काय नाही ओ याला," तो म्हणाला, "चांगला हाय." दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो, तशातली गत. घरी आणून वायरी जोडल्या, खुर्चीत टेकलो आणि टक्.

शनिवारी भाचा आला. दरम्यान मी फोनवर जे बोललो होतो त्याचा परिणाम असावा, पण या वेळी फराळाकडं न बघता थेट टेबलाखाली गेला. आधी संशय रॅमवर. वेग उतरवून ३२०० केला, तरी टक्. मग मेमटेस्ट८६ नावाची परीक्षा लावली. फुकटातल्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, चारही निर्दोष. मग प्राईम९५. हा प्रोग्रॅम सगळ्या कोअरना मोठमोठी गणितं घालून रात्रभर घाम काढतो. खोली तापली, मांजर येऊन कॅबिनेटवर झोपलं, पण सकाळपर्यंत एक चूक नाही. भाचा विजयी मुद्रेनं म्हणाला, "बघा मामा, रॉक स्टेबल!" आणि त्यानं प्रोग्रॅम बंद केला. पडद्यावर नुसता गोकाकचा धबधबा राहिला, वॉलपेपरचा. आम्ही दोघं तिकडं बघत होतो. टक्.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बघून माझे सगळे पैसे वसूल झाले.

पण पोरगं हुशार. तासभर डोकं खाजवून त्यानं जे शोधलं ते ऐकून मला प्रोसेसरची कणव आली. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा वेग थोडा खालीच राहतो आणि मिळतं ते व्होल्टेज पुरतं. हलकं काम आलं की मात्र एखाद-दुसराच कोअर एकदम ४.६ वर उडी मारतो, आणि त्या उडीलाच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं. भाच्यानं कापलं होतं ते नेमकं तिथलंच. त्या रकान्यातला एकेक आकडा म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. उणे तीस म्हणजे शंभराच्या आसपास मिलिव्होल्ट ताटातून काढून घेतलेले. पुन्हा एकाच चिपमधले सहा कोअर सारखे नसतात. जे चांगले असतात, त्यांनाच विंडोज आधी हाक मारतं. म्हणजे घरात जो कामसू, त्याच्याच गळ्यात सगळं, आणि उपासही त्यालाच.

पुरावा त्याच वहीत निघाला, फक्त मी एक्केचाळिसाशी भांडत बसल्यामुळं त्याच्या मागची नोंद बघितली नव्हती: डब्ल्यू-एच-ई-ए लॉगर (हार्डवेअरच्या चुका टिपणारा), क्रमांक १८, प्रोसेसर कोअर, कॅश हायरार्की एरर. म्हणजे चूक कोअरमध्येच. मग कोअरसायकलर नावाच्या प्रोग्रॅमनं एकेका कोअरला वेगळं उभं करून जाब विचारला. पाच जण पास. एक जण प्रत्येक वेळी तोंडावर पडला. त्या एकाचं उणे तीस भाच्यानं उणे आठ केलं. ओठ असे दाबले होते, की स्वतःच्या पॉकेटमनीतून व्होल्टेज देतोय असं वाटावं. चाचणीतला आकडा किंचित उतरला, आणि तो किंचितसुद्धा त्याला जिव्हारी लागला.

तेव्हापासून कॉम्प्युटर पडलेला नाही. आत्या, मामेसासरे, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरं, सगळी दोन्ही भाषांत बिनबोभाट उमटतात.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात काकांनी घरामागच्या खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं होतं. गल्लीत आता पक्कं झालंय की कॉम्प्युटर काकांच्या अर्थिंगनं सुधारला. दुरुस्तीवाला पेस्टचं नाव सांगतो. बायको काही सांगत नाही, कॅबिनेट पुसताना त्याचं तोंड पूर्वेलाच आहे ना एवढं बघते. भाच्याला खरं माहीत आहे, पण खरं सांगायचं तर उणे तीस कुणी लिहिलं तेही सांगावं लागेल, म्हणून तो सगळ्यांच्या हो ला हो मिळवतो.

काका दर रविवारी सकाळी फाटकातून हाक मारतात, "ऊठ गा, पाणी घालूया. नाहीतर परत पडंल बघ तुझं मशीन." मी उठतो. मीठ ते आणतात, बादली मी भरतो.