गाडी सर्व्हिसिंगला टाकताना पाळायची पथ्यं

अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी टाकताय? छान. थोडी पथ्यं पाळा, म्हणजे त्रास होणार नाही. निदान त्यांना तरी.

गाडीला काय होतंय ते सांगत बसू नका. ‘सकाळी थंड असताना इंजिन थरथरतं, गरम झालं की ठीक’ एवढं तुम्ही घसा फोडून सांगाल, आणि टॅबवर लिहिलं जाईल ‘जनरल चेकअप’.

गाडीला हात लावणारा माणूस बघायचा हट्ट तर मुळीच धरू नका.

स्कॅनरवर मात्र श्रद्धा हवी. माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. एका पोराने स्कॅनर जोडला, पी ०१७१ असा कोड आला आणि निदान संपलं: ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलला. दिवा पुन्हा हजर. मग एअर फ्लो सेन्सर बदलला. दिवा आहेच! अरे, त्या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का, ते शोधायला माणूस लागतो. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलायचा, तशातली गत. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय त्याचे, आकडे दिसतात. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ते चढलेले आणि रेस दिली की खाली येत असतील, तर कुठूनतरी हवा आत शिरतेय असा पहिला संशय घ्यायचा असतो. शेवटी बाहेरच्या एका मेकॅनिकने टॉर्च मारून इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी वाकवली, तर घडीत चीर. हा गृहस्थ पूर्वी अशाच एका डीलरकडे होता. सोडून आला.

फीडबॅकचा फोन आला की दहापैकी दहा द्या. बिचाऱ्याचा इन्सेन्टिव्ह असतो.

आणि मॅनेजर ‘काय करणार साहेब, हल्ली चांगले मेकॅनिकच मिळत नाहीत’ म्हणाला, की सहानुभूतीने मान डोलवा.

नाही डोलवणार! मिळत नाहीत कसे? तुम्ही टिकू देत नाही. कित्येक डीलरशिपमध्ये मेकॅनिकला कामागणिक पैसे, कुठल्या कामाला किती तास धरायचे ते आधीच ठरलेलं, त्यात वॉरंटीच्या कामाला आणखी कात्री. सेन्सर बदलला की तास मांडता येतात. तासभर डोकं खपवून चीर शोधली तर त्याच्या हातात काय? मग जाणता माणूस स्वतःचं गॅरेज काढतो आणि मागे राहतं ते शिकाऊ पोर. त्याला शिकवायला कुणी नाही, कारण शिकवण्याचेही पैसे मिळत नाहीत. इंजिन आतून धुवायचा ‘इंजिन फ्लश’ गळ्यात मारणाऱ्या सल्लागाराला कमिशन देता ना? मग दोष शोधणाऱ्याला शोधण्याच्या वेळेचे पैसे द्यायला काय होतं? आणि ते जमत नसेल, तर आमच्या खिशातून अंदाजपंचे सुटे भाग बदलणं आधी बंद करा. माझे दोन्ही जुने सेन्सर धडधाकट होते. ते परत बसवा आणि बिलाचे पैसे परत करा.