एम.कॉम. झालं, आता डॉक्टरच व्हा

एम.कॉम.चा निकाल लागला, पंचावन्न टक्के पडले, आणि आता तालुक्याच्या पतसंस्थेत चिकटावं की अडत्याकडे हिशेब लिहावा असा पेच असेल, तर भाऊ, दोन्हीकडे जाऊ नका. वाणिज्यात पीएच.डी.ला नाव टाका. "पोट्टं काय करते सध्या?" या प्रश्नाला "रिकामं हाय" म्हणण्यापेक्षा "पीएच.डी. करते" म्हणणं किमान तीन आणि कमाल सहा वर्षं पुरतं. ही मुदत आमच्या मनची नाही, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमावलीत आहे. तेवढ्यात नाही जमलं तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं. बाईमाणसाला आणि चाळीस टक्क्यांहून जास्त दिव्यांग असलेल्याला त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा. पराटी, म्हणजे कपाशी, पेरली तर चार-पाच महिन्यांत वेचणीला येते आणि भाव कळतो. इथं आठ-दहा वर्षं भाव विचारायची कोणाची हिंमत होत नाही.

याचा नेमका फायदा कोणाला, हे खरं तर विचारायचं नसतं. पण एकदा सांगून टाकू, म्हणजे विषय मिटेल. अनुदानित महाविद्यालयात कायम झालेल्या सहायक प्राध्यापकाला फायदा आहे. त्याचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ५७,७०० पासून सुरू होतो. पीएच.डी. असली तर पहिली बढती चार वर्षांत, नसली तर सहा वर्षांत. पुढं वेतनाच्या बाराव्या स्तरावरून सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी.शिवाय गाडी हलतच नाही, आणि तिथला मूळ पगार १,३१,४०० पासून आहे. प्राचार्य व्हायचं तर पीएच.डी., पंधरा वर्षांची सेवा, किमान दहा शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण. थोडक्यात, ज्याच्या बुडाखाली खुर्ची आहे, त्याची खुर्ची उंच होते. ज्याच्याकडे खुर्चीच नाही त्यानं काय उंच करायचं, याबद्दल नियमावली गप्प आहे.

आणि ती खुर्ची? जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा हा किमान निकष आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे दारातून आत शिरायला सेट लागते, आणि आतल्या जिन्यासाठी पीएच.डी. तुम्ही अर्थातच जिना आधी बांधा. दाराचं पाहू मग. सेटचं काम एका दिवसात, दीडशे प्रश्नांत आटोपतं. एवढ्यात गावाला पत्ताही लागत नाही की तुम्ही काही करत होता. शिवाय नेट-सेट झालेला माणूस नोकरी नाही म्हणून चिडतो, पीएच.डी.वाल्याला मात्र 'अजून प्रबंध बाकी आहे' असा आधार असतो.

तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशावर, शिकवत असाल तर उत्तमच. तासिकेचा दर पदवीच्या वर्गाला एक आणि पदव्युत्तर वर्गाला दुसरा असतो. शिकवणाऱ्याच्या नावाआधी 'डॉ.' आहे का, याचा रकाना त्या बिलात नाही. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, यांत तास नाही म्हणून पैसा नाही. पण तेच दिवस संशोधनाला मोकळे मिळतात, हे किती लोकांच्या लक्षात येतं?

बँकेत असाल तर साहेब जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा करा म्हणून मागं लागतील, कारण त्यावर पगारवाढ मिळते. ऐकू नका. बुटीबोरीच्या कारखान्यात लेखापालाच्या मुलाखतीला गेलात तर ते टॅली येतं का आणि दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरता येतं का, एवढंच विचारतील. अशा क्षुद्र चौकशीनं खचून जाऊ नये. "आमचा कल संशोधनाकडे आहे" असं सांगून उठावं.

आता मार्गदर्शक. विद्यार्थी घेण्याची मर्यादा ठरलेली आहे: प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. शहाणी माणसं गाइडची निवृत्तीची तारीख आधी काढतात आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून नोंदणी कधी झाली, पदवी कधी मिळाली, हे वजा करून पाहतात. तुम्ही एवढा अविश्वास दाखवू नका. जे सर निवृत्तीला तीन वर्षं दोन महिने असताना "ये, तुझं करून टाकू" म्हणतात, त्यांच्याकडेच जा. तुमची प्रश्नावली छापून येईपर्यंत त्यांचा निरोपसमारंभ होईल, आणि मग नवे सर विषयच बदलायला सांगतील. वेळ आपल्याकडे भरपूर आहे, आठ-दहा वर्षांचं वर सांगितलंच.

गाइडकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली पद्धत. वरुड-मोर्शीकडच्यांना निसर्गानं साथ दिली आहे. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चात. प्रगती अहवालही सहा महिन्यांनीच द्यायचा असतो, संशोधन सल्लागार समितीपुढं. असा योग भंडाऱ्याच्या धानवाल्याच्या नशिबी नाही, त्यानं आपला एकदाच चिन्नोर तांदूळ पोचवावा.

विषय निवडणं सगळ्यांत सोपं. सूत्र असं: एक पीक किंवा एक योजना, मग 'चिकित्सक अभ्यास', मग 'विशेष संदर्भ' म्हणून आपला तालुका, आणि शेवटी दहा वर्षांचा कालावधी. 'महिला बचत गटांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ दर्यापूर तालुका, २०११ ते २०२०.' तालुका मामाचा असल्यास जेवणाचा प्रश्न सुटतो. जिनिंगमधला रुईचा उतारा, बाजार समितीतली आवक आणि हमीभावाची तफावत, पतसंस्थेचं थकीत कर्ज, असले विषय घेऊ नका. तिथं वही दाखवावी लागते, आणि वही दाखवणारा कोणी नाही. शिवाय उत्तर खरोखरच सापडलं, तर गावात राहणं जड जाईल.

गृहीतक नेहमी असं मांडा की ते पडलंच पाहिजे. 'बचत गटांमुळे महिलांच्या उत्पन्नात वाढ झाली नाही' हे शून्य गृहीतक. ते नाकारायचं, म्हणजे वाढ झाली. हे निष्कर्षाचं प्रकरण पहिल्या वर्षीच लिहून ठेवता येतं, कारण माहिती आली काय नि न आली काय, त्यात फरक पडत नाही.

नमुना ३८४ घ्या. का, ते विचारू नका, सगळेच ३८४ घेतात. १९७०च्या एका तक्त्यात मोठ्या लोकसंख्येसमोर ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के त्रुटीसाठी हा आकडा दिलेला आहे. तो तक्ता यादृच्छिक नमुन्यासाठी आहे, म्हणजे संपूर्ण यादी हातात घेऊन चिठ्ठ्या काढल्या तर. तुम्ही ज्या बाया सापडल्या त्या घेतल्या. मग ३८४ घ्या की ८४, त्या पाच टक्क्यांना अर्थ उरत नाही. पण ३८४ लिहिलं की परीक्षक पान उलटतो.

प्रश्नावली कधी भरून घ्यायची हे मात्र नीट ऐका. सोयाबीन कापणीला आलं की ऑक्टोबरात कोणी बोलणार नाही. त्यापुढं कापसाची वेचणी, बाया सकाळी सातला वावरात. मे महिन्यात सगळे मोकळे, पण पंचेचाळीस अंशांत दारात उभं राहून पाचपदरी मोजपट्टीवर 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' विचारलं तर माउली आधी पाणी देते आणि मग सगळ्याच प्रश्नांना 'सहमत' म्हणते. खरा उपाय आहे तो गटाच्या मासिक बैठकीच्या तारखेचा. गटात दहा ते वीस बाया असतात, अध्यक्ष-सचिवाला आधी फोन केला तर एका बैठकीत दहा-बारा प्रश्नावल्या होतात आणि बचतीचं रजिस्टर समोर असल्यानं आकडेही खरे मिळतात. पस्तीसेक बैठकांत काम फत्ते. एवढी दगदग नको असेल तर पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत चार मित्रांकडून वेगवेगळ्या पेनांनी भरून घ्या. पेन वेगळे असणं महत्त्वाचं. नवखे लोक इथंच फसतात.

वार्षिक उत्पन्नाच्या प्रश्नात पाच गट ठेवा: पंचवीस हजारांच्या आत, पन्नासच्या आत, लाखाच्या आत, दोन लाखांच्या आत, त्यावर. मग मजा पाहा. केशरी शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा एक लाख आहे, आणि तुम्ही हातात कागद घेऊन आलात म्हणजे सरकारचेच, असा त्या घराचा रास्त समज होतो. त्यामुळं दारात ट्रॅक्टर उभा असला तरी उत्पन्न लाखाच्या वर जाणार नाही. शेवटचे दोन गट रिकामे पडतील. दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या काय-वर्ग चाचणीला प्रत्येक चौकटीत अपेक्षित वारंवारता साधारण पाच तरी लागते. पाच उत्पन्नगट गुणिले मोजपट्टीची पाच उत्तरं म्हणजे पंचवीस चौकटी, त्यातल्या दहा ओसाड. जाणता माणूस उत्पन्न विचारतच नाही. तो छपराला टिन आहे की स्लॅब, घरी दुचाकी किती, बोअर आहे का, मागच्या लग्नात किती पंगती उठल्या, असं विचारून अंदाज बांधतो. तुम्ही उत्पन्नच विचारा. अमरावती-नागपुरात एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर चालवून देणारे असतात, ते ओसाड चौकटी भरूनही देतात.

लेखन मराठीत करणार असाल तर टायपिंग कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये करून घ्या. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला तेच येतं. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'कर्ज' दिसतं, फाइलच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचा भुगा असतो. पुढं वाङ्मयचौर्य तपासायला युनिकोड मागितलं की रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, 'कर्ज'चं 'कजर्' होतं, आणि तीनशे पानांत 'कजर्' किती वेळा आहे हे मोजायला अख्खा श्रावण जातो. सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर हे टळलं असतं, पण मग श्रावणात करायचं काय?

चौर्याचे दरही पाठ असू द्या. २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून आणा. साठपर्यंत गेलं तर एक वर्ष बंदी. त्यावर गेलं की नोंदणीच रद्द. उचललेल्या परिच्छेदात 'महत्त्वाचे'च्या जागी 'महत्त्वपूर्ण' आणि 'त्यामुळे'च्या जागी 'परिणामी' घालत गेलं की दहाच्या खाली येता येतं. भाषा समृद्ध होते ती अशी.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती, असेल तर महिन्याला ३७,००० मिळतात, आणि मग हा सगळा उद्योग खरोखर परवडतो. पण जेआरएफवाला असले सल्ले वाचत बसत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांची अधिछात्रवृत्ती पूर्णवेळ संशोधकाला असते. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यानं मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र जोडायचं आणि पदरचं खायचं. अधिछात्रवृत्ती आपल्याकडच्या पावसासारखी येते, म्हणजे येते नक्की, पण पेरणी तिच्या भरवशावर करू नये. डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. मागाहून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. भारनियमनाच्या मुलखात दिव्यांचा प्रश्न सभागृहात आला, हेही कमी नाही.

एवढाही दम नसेल तर दुसरी वाट आहे. डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन) नावाची डॉक्टरकी मोबाइलवर रोज दोनदा जाहिरातीत दिसते: परदेशी विद्यापीठ, घरबसल्या, प्रवेशपरीक्षा नाही, हप्ते सोयीचे. परदेशात ती अनुभवी व्यवस्थापकांसाठीची पदवी आहे, आपल्या कामातला एखादा प्रश्न घेऊन सोडवण्यासाठी. इथं मात्र यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषद एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२मध्ये ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या एडटेक कंपन्या परदेशी संस्थांच्या साथीनं देतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं जाहीर केलं. म्हणून त्याच वस्तूवर आता डीबीए असं लेबल दिसतं. महाविद्यालयाच्या भरतीत ती दाखवाल तर छाननीवाला समकक्षता प्रमाणपत्र मागेल. कापूस व्यापारी, कंत्राटदार आणि पुढच्या वेळी जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे अशांसाठी मात्र ती झकास आहे, कारण फ्लेक्सवर समकक्षता कोणी मागत नाही. त्याहून स्वस्त हवं तर हॉटेलच्या सभागृहात झगा-टोपी घालून मानद डॉक्टरेट मिळते, जेवणासह. पदवी देण्याचा अधिकार १९५६च्या यूजीसी कायद्यानं विद्यापीठांना आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे, पण जेवण बरं असतं.

मौखिक परीक्षेचा दिवस आला की अभ्यासाला नव्हे, नाश्त्याला लागा. बाहेरचे परीक्षक सकाळच्या गाडीनं येतात, त्यांना नेण्या-आणण्यास गाडी, तर्रीपोहे बेताच्या तिखटाचे, कारण सावजी रस्सा सोसला नाही तर त्याचा राग दुसऱ्या प्रकरणावर निघतो. "नमुना कसा निवडला?" हा प्रश्न येईलच. "सरांच्या मार्गदर्शनाखाली" असं म्हणून सरांकडे पाहावं.

पदवी मिळाली की प्रबंधाची प्रत शोधगंगेवर चढते आणि तुम्ही कायमचे उपलब्ध होता. साधारण दीड वर्षानं शेजारच्या तालुक्यातलं कोणी एम.कॉम. झालेलं पोट्टं ती उतरवून घेईल, 'दर्यापूर' शोधून सगळीकडे 'अंजनगाव सुर्जी' घालेल, 'महत्त्वपूर्ण'चं पुन्हा 'महत्त्वाचे' करेल. तुमच्या तक्ता ४.१७मध्ये टक्केवारीची बेरीज १०१.३ येते. तेवढी तो तशीच ठेवेल.