छाओ त्स्वोचा दोष किती? सात राज्यांच्या बंडावरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चीनमध्ये हान घराण्याच्या काळात, इ. स. पू. १५४ साली झालेल्या सात राज्यांच्या बंडावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. राजघराण्यातील मांडलिक राजांशी सबुरीने वागण्याचे सम्राट वेनचे धोरण यशस्वी ठरत असताना त्याच्यामागून आलेल्या सम्राट जिंगच्या छाओ त्स्वो या आततायी मंत्र्याने ते मोडले आणि बंड ओढवून घेतले, हा पहिला. बंडाचा म्होरक्या, वूचा राजा ल्यू पी याच्या मुलाची हत्या मी एका वाक्यात उरकली, हा दुसरा. इ. स. पू. १८० मध्ये लू कुळाच्या, म्हणजे संस्थापकाच्या राणीच्या माहेरच्यांच्या, तावडीतून हे घराणे सोडवले ते याच राजांनी, त्यामुळे त्यांचे बळ काढून घेणे म्हणजे घराण्याने आपलेच हात तोडून घेणे होते, हा तिसरा. तिन्ही आक्षेप अभ्यासपूर्वक घेतलेले आहेत, तरीही माझे मत बदललेले नाही. ते का बदलले नाही, हे नीट सांगितले पाहिजे.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण आपला सगळा रोख त्यावर उभा आहे. वेनच्या कारकिर्दीत वूचा युवराज राजधानी चांगआनला आला होता. सम्राटाचा युवराज, म्हणजे पुढे सम्राट झालेला जिंग, याच्याबरोबर मद्य घेत तो पटावरचा खेळ खेळत बसला. सोंगटीच्या चालीवरून वाद झाला, वूचा युवराज उर्मटपणे बोलला आणि जिंगने खेळाचा पट त्याच्यावर फेकून मारला. त्यात तो मेला. शव वूला पाठवण्यात आले तेव्हा ल्यू पीने ते परत पाठवले. सारे राज्य ल्यू या एकाच राजकुळाचे आहे, चांगआनमध्ये मेला तर चांगआनमध्येच त्याचे दफन व्हावे, असे त्याने सांगितले. त्यानंतर आजारपणाचे निमित्त करून त्याने दरबारात येणे सोडून दिले. वेनने त्याला म्हातारपणाचा मान म्हणून टेकण्याचे आसन आणि काठी पाठवली आणि हजेरीतून सूट दिली.

हे दुःख खरे होते, याविषयी मला शंका नाही. पण ते बंडाचे मूळ होते असे मानले तर बाकीच्या सहा राजांनी शस्त्र का उचलले, हे कळत नाही. त्यांच्यापैकी कोणाचाही मुलगा चांगआनमध्ये मारला गेला नव्हता. शिवाय ल्यू पीने बंडाच्या वेळी इतर राजांना पाठवलेल्या पत्रात, अन्नवस्त्रात काटकसर करून आपण तीसहून अधिक वर्षे सोने, शस्त्रे आणि धान्य साठवत आलो आहोत, असे म्हटले आहे. वेन गादीवर आला तो इ. स. पू. १८० मध्ये, म्हणजे बंडाच्या फक्त २६ वर्षे आधी, आणि मुलाची हत्या त्यानंतरची. मित्रांना धीर देण्यासाठी लिहिलेल्या पत्रात बढाई असणारच, हे मान्य करूनही ल्यू पीच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे तयारी मुलाच्या मृत्यूच्या आधीपासून चालू होती, असेच दिसते.

ती तयारी कशाच्या जोरावर झाली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. संस्थापक ल्यू बांगने आपल्या या पुतण्याला तीन प्रांत आणि ५३ नगरे दिली होती. त्यांत तांब्याचे डोंगर होते आणि समुद्रकिनाराही होता. राजा तांब्याची नाणी पाडत असे, समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढून विकत असे, आणि या उत्पन्नामुळे त्याला प्रजेकडून डोईपट्टी घेण्याची गरज पडत नसे. दुसऱ्या प्रांतांतून पळून आलेल्या गुन्हेगारांना तो आश्रय देई आणि त्यांना पकडायला आलेल्या अधिकाऱ्यांना हात हलवत परत पाठवी. ज्या राजाची टांकसाळ स्वतःची, खजिना स्वतःचा आणि प्रजाही उपकृत, त्याच्या मनातला राग ही केवळ खासगी बाब राहत नाही. बंड पुकारताना त्याने सांगितले की माझे वय ६२ आहे आणि मी स्वतः फौजेपुढे चालणार आहे, माझा धाकटा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि तोही पुढे असेल; म्हणून या दोन वयांमधल्या सर्व पुरुषांनी यावे. दोन लाखांहून अधिक माणसे जमली. एकट्या पित्याच्या शोकाने एवढी फौज उभी राहत नाही.

आता सम्राट वेनच्या सबुरीविषयी. वेन सौम्य होता, पण आपण समजता तसा तो स्वस्थ बसलेला नव्हता. ज्या राजाकडे मोठा मुलूख आहे तो आज ना उद्या उलटणार, म्हणून राज्यांची संख्या वाढवावी आणि प्रत्येकाचे बळ कमी करावे, असा सल्ला ज्या यी या तरुण विद्वानाने त्याला दिला होता. ज्या यी मरण पावल्यानंतर, इ. स. पू. १६४ मध्ये, छीच्या राजाला वारस उरला नाही तेव्हा वेनने ते राज्य राजाच्या भाऊबंदांत सहा ठिकाणी वाटून दिले, आणि ह्वायनानचेही तीन तुकडे केले. छी हे एके काळी सत्तरहून अधिक नगरांचे राज्य होते. बंडात त्याच्या सहा वारसांपैकी चार जण सामील झाले, छीचा राजा स्वतः डळमळत राहिला, एकाला त्याच्याच अधिकाऱ्यांनी अडवून धरले, आणि बंडखोर भाऊबंद आपल्याच कुळाच्या राजधानीला वेढा घालून बसले. तेच राज्य अखंड राहून ल्यू पीला मिळाले असते तर पश्चिमेकडे जाणाऱ्या फौजेत केवढी भर पडली असती, याचा विचार करावा. बंड तीन महिन्यांत मोडले, याचे बरेचसे श्रेय मी वेनच्या या वाटणीला देतो.

छाओ त्स्वोचे निदान तेच होते, उपाय मात्र निराळा. वेनने मेलेल्या राजाचा मुलूख वाटला. छाओ त्स्वोने जिवंत राजांवर आरोप ठेवून त्यांचा मुलूख काढून घेतला. शोककाळातील गैरवर्तनाबद्दल छूचा एक प्रांत गेला, झाओचा एक गेला, छीच्या वाटणीतून झालेल्या ज्याओशीचे सहा परगणे गेले, आणि मग वूचे दोन प्रांत तोडण्याचा हुकूम निघाला. मुलूख काढला तरी ते बंड करतील, न काढला तरी करतील. काढला तर लवकर करतील पण अनर्थ लहान असेल, न काढला तर उशिरा करतील आणि अनर्थ मोठा असेल, असे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. घाई झाली, एकाच वेळी अनेक शत्रू जागे केले, हे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि लेखातही मी ते लिहिले होते. बंड झाल्यावर सम्राटाने स्वतः फौज घेऊन जावे आणि आपण राजधानी सांभाळावी, असे त्याने सुचवले. ज्याच्या धोरणामुळे युद्ध पेटले त्याने मागे सुरक्षित राहावे, हे दरबारात कोणाला रुचणार होते? त्याच्या बापाने तर गावाहून येऊन, ल्यू कुळ सुरक्षित होईल पण आपले कुळ बुडेल, असे त्याला बजावले होते आणि नंतर विष घेऊन जीव दिला होता.

पण यापुढे जो प्रकार झाला त्याचा दोष छाओ त्स्वोवर टाकता येत नाही. सम्राटाभोवतीचे दुर्जन दूर करण्यासाठी आपण येत आहोत, अशी बंडखोरांची घोषणा होती. पूर्वी वूमध्ये मुख्य मंत्री राहिलेला आणि छाओ त्स्वोचा हाडवैरी असलेला युआन आंग सम्राटाला एकांतात भेटला आणि या एका माणसाचा बळी देऊन मुलूख परत केला तर युद्ध थांबेल, असे त्याने पटवले. जिंगने ते मानले. छाओ त्स्वोला दरबाराला बोलावल्याचे भासवून रथात बसवण्यात आले, पूर्वेच्या बाजारात नेण्यात आले, आणि अंगावर दरबारी पोशाख असतानाच त्याला कापून टाकण्यात आले. युआन आंग तहाचा निरोप घेऊन वूकडे गेला, तेव्हा आपण आता पूर्वेचे सम्राट झालो आहोत, नमस्कार कोणाला करायचा, असे ल्यू पीने हसून विचारले. आघाडीवरून परतलेल्या डंग नावाच्या अधिकाऱ्याने जिंगला स्पष्ट सांगितले की छाओ त्स्वो हे निमित्त होते, आणि त्याला मारून आपण निष्ठावंतांची तोंडे बंद केलीत. सम्राटाने ते कबूल केले. आपल्या पहिल्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर मला देता येणार नाही.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. लू कुळाविरुद्ध छीच्या राजाने फौज उभी केली, हे खरे आहे. मात्र ती फौज चांगआनला पोहोचली नाही; निकाल लागला तो राजधानीत, चौ बो आणि छन पिंग या मंत्र्यांच्या हातून, आणि छीच्या राजाचा भाऊ ल्यू जांग त्यांच्या साथीला होता. घराण्याच्या रक्षणासाठी राजे हवेत, हे दाखवायचे तर ल्यांगचे उदाहरण अधिक बळकट आहे. सम्राटाचा सख्खा भाऊ, ल्यांगचा राजा ल्यू वू, याने आपली राजधानी स्वेयांग हिच्या तटामागून वूची मुख्य फौज रोखून धरली. सम्राटाचा सेनापती चौ याफू याने त्याला मदत पाठवण्यास ठाम नकार दिला आणि त्याऐवजी ह्वाय आणि सी या नद्यांच्या संगमाकडे घोडदळ पाठवून वूची रसद तोडली.

परंतु याच ल्यांगचे पुढे काय झाले ते पाहा. राजमाता दोऊला जिंगनंतर गादी या धाकट्या मुलाला मिळावी असे वाटत होते, आणि जिंगने मद्याच्या भरात तसे एकदा बोलूनही दाखवले होते. युआन आंग आणि इतर मंत्र्यांनी विरोध केला, तेव्हा ल्यांगने मारेकरी पाठवून युआन आंगसह दहाहून अधिक जणांना मारवले. राजमाता अन्न सोडून बसली आणि सम्राटाला सख्ख्या भावाला शिक्षा करता आली नाही. घराण्याचे रक्षण करणारा हात आणि मंत्र्यांच्या जिवावर उठणारा हात एकाच राजाचा होता.

इ. स. पू. १४५ मध्ये जिंगने राजांकडून राज्यकारभार आणि अधिकारी नेमण्याचा हक्क काढून घेतला. पुढच्या वर्षी ल्यांगचा राजा वारला. सम्राटाने माझ्या मुलाला मारले, असे म्हणत राजमातेने पुन्हा जेवण सोडले. तेव्हा जिंगने ल्यांगचे पाच भाग करून पाचही मुलांना राजे केले, पाचही मुलींना स्वतंत्र उत्पन्न लावून दिले, आणि हे ऐकून राजमाता जेवली. एका आज्ञेत आईची समजूत निघाली आणि साम्राज्यातले एक सर्वांत बलाढ्य राज्य संपले. जिंगच्या मुलाच्या कारकिर्दीत, इ. स. पू. १२७ मध्ये, जूफू यानच्या सल्ल्यावरून धाकट्या मुलांनाही वाटा देण्याची ही रीत सर्व राज्यांसाठी खुली करण्यात आली, आणि ज्यांना एरवी काहीच मिळणार नव्हते ते धाकटे मुलगेच तिचे सर्वांत मोठे समर्थक ठरणार होते.

आपला नम्र,
लेखक