ऋण दाब, सिरिंज आणि माझी एक चूक

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की फुग्यातली हवा दाबामुळे बाहेर ढकलते, म्हणजे ऋण दाब आत ओढणार. मग डार्क एनर्जीच्या (विश्वाचं प्रसरण वेगवान करणाऱ्या अज्ञात ऊर्जेच्या) ऋण दाबाने विश्व जास्त वेगाने पसरतं ही निव्वळ गणिती हातचलाखी. वर 'विश्व काय पाणी आहे, द्रायू (म्हणजे वाहणारा पदार्थ, द्रव किंवा वायू) म्हणायला?'

पहिल्या मुद्द्यात चूक माझी. 'ऋण दाब दीर्घिकांना ढकलतो' असं मी लिहून गेलो. दाब ढकलतो तो दोन बाजूंच्या फरकामुळे. सगळीकडे सारखाच असेल तर ढकलणार कुणाला? खरी गोष्ट अशी, की आइनस्टाइनच्या सिद्धान्तात दाबालाही गुरुत्व असतं. ऊर्जेची घनता अधिक तिप्पट दाब ही बेरीज धन आली की प्रसरण मंदावतं, ऋण आली की वेग घेतं.

आणि तुमचं 'आत ओढणं' बरोबरच आहे! समजा, सिरिंजमध्ये डार्क एनर्जी आहे, बाहेर काहीच नाही. दट्ट्या मागे ओढून जागा दुप्पट केली, तरी घनता तेवढीच राहिली. म्हणजे आतली ऊर्जा दुप्पट. ती आली ओढणाऱ्या हातातून, कारण दट्ट्या आत खेचत होता. हाच ऋण दाब. (घरच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून ओढलंत तर असाच ताण लागेल, पण तो बाहेरच्या हवेचा. आतला दाब फक्त कमी असतो, ऋण नव्हे.)

राहिला द्रायू. विश्व पाणी नाहीच. घनता आणि दाब एवढ्यावर हिशेब भागतो, म्हणून तो शब्द. पण एकदा द्रायू म्हटलं, की त्यात ध्वनिलहरीही आल्या आणि तिथे हातचलाखी चालत नाही. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई चाप्लिगिन यांनी १९०४ साली वेगवान वायुप्रवाहांसाठी मांडलेलं सूत्र २००१ मध्ये विश्वाला लावून पाहिलं गेलं: दाब ऋण, घनतेच्या व्यस्त प्रमाणात. दाट असताना हा वायू डार्क मॅटरसारखा (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वातून जाणवणाऱ्या पदार्थासारखा) वागतो, विरळ झाला की डार्क एनर्जीसारखा. एका दगडात दोन पक्षी. मलाही भारी आवडलं होतं. पण विरळ होताना त्यातला ध्वनीचा वेग वाढत जातो आणि लहरी पदार्थाच्या गुठळ्या जमू देत नाहीत. दीर्घिकांची मांडणी दिसते तशी येईना. मूळ रूपातलं ते मॉडेल तिथेच बाद झालं.

लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. जुनं पुसलेलं नाही, खोडून तसंच ठेवलंय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.